फोटोमागची तारीख

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. म्हणजे जितकं असतं तितकं. आईची तब्येत आहे तशीच आहे, माझे गुडघे कुरकुरतात आणि स्वयंपाकघरातल्या नळाने गळणं काही सोडलेलं नाही. बाबा असते तर त्यांनी पहिल्याच ओळीत ‘विनंती विशेष’ लिहून मोकळं केलं असतं. माझी विनंती खरंच विशेष आहे, पण तिच्यावर यायला मला जरा वेळ लागेल. तेवढा दे.

फोनवर आपलं बोलणं किती होतं ते तुलाही माहीत आहे. तू “हो, बरं, यांना देते” म्हणतेस आणि फोन दादाच्या हातात जातो. तेवढ्यात माझं म्हणणं मावत नाही. पत्राचं बरं असतं, रागाने बाजूला ठेवलं तरी ते टेबलावर पडून राहतं आणि कधीतरी पुन्हा उचललं जातं.

दादाने सांगितलं असेल किंवा नसेल (नसेलच), गेली दोन वर्षं मी विद्यापीठात एका अजब प्रकल्पावर आहे. माझं नेहमीचं काम तू पाहिलेलं आहेस. जुने फोटो गोळा करायचे, उलटून त्यांच्या पाठी वाचायच्या, कुणी काढला, केव्हा काढला, कुणाचा आहे ते नोंदवायचं. तू त्याला ‘लोकांच्या आजोबांची उठाठेव’ म्हणायचीस. आता विद्यापीठाला वाटलं, फोटोंवर काम करणारे लोक सगळ्याच विभागांत आहेत तर त्यांना एका टेबलाभोवती बसवावं. झालं, दर बुधवारी आमच्या खोलीत जत्रा भरते. लांब टेबल, त्यावर मोठा दिवा, खिडक्यांना जाड पडदे, आणि चहाचा कप टेबलाजवळ आणायचा नाही हा माझा नियम. तो सगळे मोडतात.

एकच फोटो मध्ये ठेवला की गंमत बघ. नदीकाठी सहलीला गेलेलं कुठलंतरी कुटुंब. भूगोलाचे प्राध्यापक माणसांच्या खांद्यावरून मागचा डोंगर बघतात आणि बर्फ कुठवर होता ते मोजतात. इतिहासवाले सर माणसांच्या कॉलरी बघतात. मानसशास्त्राच्या बाई कोण कुणापासून किती लांब उभं आहे ते बघून गालातल्या गालात हसतात. संख्याशास्त्रवाला फोटो बघतच नाही. तो विचारतो, “या घराने जे फोटो ठेवले नाहीत ते कुठायत?” आम्ही त्याला शंकेखोर म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि त्याला तो सन्मान वाटतो.

आणि डॉक्टरीणबाई. त्या मेंदूच्या विकारांच्या डॉक्टर. आईला जो कंपवात आहे, तो झालेल्या माणसांचे जुने घरगुती अल्बम त्या जमवतात. हात थरथरायला लागले की घरचे दवाखान्यात नेतात, पण रोग त्याच्या कितीतरी वर्षं आधी आत येऊन बसलेला असतो. तो सगळ्यात आधी दिसतो कुठे, हे त्यांना शोधायचं आहे. त्यांचं म्हणणं, पुष्कळांच्या बाबतीत तो चेहऱ्यावर दिसतो. चेहऱ्याचे स्नायू हळूहळू आळसावतात. माणूस आतून खूश होतो, पण ती खुशी चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय तुसडी बाई आहे.

इथे तू पत्र खाली ठेवलं असशील तर पुन्हा उचल. मी कुणाची वकिली करायला बसलेले नाही.

आईला विचारून मी तिचे सगळे अल्बम या कामाला दिले. पद्धत अशी, की फोटोतला फक्त चेहरा ठेवायचा, बाकी सगळं झाकायचं. मग त्या चेहऱ्यांत निरोगी बायकांचे चेहरे मिसळायचे आणि पत्ते पिसावेत तसे पिसून अनोळखी परीक्षकांपुढे ठेवायचे. चेहरा किती हलता-बोलता आहे, एवढंच त्यांनी सांगायचं. मी परीक्षकांत नव्हते. आपल्या आईचं नाक कितीही कापून ठेवलं तरी ओळखू येतंच. निकाल आला तो असा: आईचा चेहरा तुमच्या लग्नाच्या काही वर्षं आधीपासून मंदावत गेला होता. लग्नात तो जवळजवळ थांबलेला होता.

आता विनंती. या कामाचं पुस्तक निघणार आहे आणि त्यात डॉक्टरीणबाईंना तुमच्या लग्नातला एक फोटो पूर्ण छापायचा आहे. मंचावर तुम्ही दोघं, बत्तीशी काढलेले बाबा, डोळे मिटलेली मी, आणि आई. आई कशी दिसते ते मी लिहीत नाही. फोटोतल्या प्रत्येक हयात माणसाची परवानगी लागते. दादाने फोनवर लगेच “छाप की” म्हटलं, पण तो कशालाही छाप म्हणतो. तुझी परवानगी मला तुझ्याकडूनच हवी आहे. एक-दोन बाबी अजून पक्क्या व्हायच्या आहेत, पण त्या तांत्रिक आहेत, त्यांनी तुला कंटाळवत नाही.

आई तुझी चौकशी करते. हल्ली तिचा आवाज फार बारीक झाला आहे, तोंडाशी कान न्यावा लागतो. पण चौकशी करते.

तुझी नणंद,
जिला तू मास्तरीण म्हणायचीस


२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर आलं. चारच ओळी आहेत, पण चारही बरोबर जागी लागल्या. तुझंच वाक्य तुला परत लिहिते, म्हणजे मी ते नीट वाचलं याची खात्री पटेल. “चेहरा हलत नव्हता म्हणतेस, मग तुमच्या बैठकीच्या खोलीतल्या फोटोत त्या कशा खदखदून हसत होत्या? फ्रेम पुसताना मी मागचा शिक्का बघितलाय. आमच्या लग्नानंतर दोन महिन्यांचा आहे. माझ्यासमोर तेवढं हसू येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.”

वहिनी, तू आमच्या टेबलाशी असायला हवी होतीस. शब्द न् शब्द हेच शंकेखोर म्हणाला.

आणि आता कबूल करते, ‘एक-दोन तांत्रिक बाबी’ म्हणजे हाच तो फोटो. दोन नाहीत, एकच आहे. मी तुला तो सांगायचा टाळला, कारण मला वाटलं तू तो विसरली असशील. पण तू हिशेबतपासनीस. तुझं आयुष्य लोकांनी दाखवलेल्या कागदाची मागची बाजू बघण्यात गेलं. तू विसरशील असं मला वाटलंच कसं कोण जाणे.

तो फोटो तुझ्याइतकाच मलाही डोळ्यांसमोर आहे. मागच्या दाराची पायरी, नुकतेच धुतलेले ओले केस, मान मागे टाकलेली, एक हात छातीवर, आणि आई अशी हसते आहे की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. परीक्षकांनी सगळ्या फोटोंत त्याला सर्वांत जास्त गुण दिले. तारखेप्रमाणे मांडला तर तो तुमच्या लग्नाच्या लगेच नंतर येतो. आधीच्या काही वर्षांचे चेहरे मंद, नंतरचे मंद, आणि मध्येच हा. शंकेखोर पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, “हा एक फोटो सगळं प्रकरण मोडतो. या महिन्यात या बाई अशा हसू शकत होत्या, तर दोन महिन्यांपूर्वी त्या हसल्या नाहीत याचं कारण रोग नाही. दुसरं काहीतरी आहे.” डॉक्टरीणबाईंनी सांगून पाहिलं, की या रोगात बरे-वाईट दिवस असतात. पण त्यांनाही इतका फरक पटत नव्हता. मी म्हटलं, ही माझी आई आहे. इतिहासवाल्या सरांनी माझ्यासाठी चहा आणला आणि चक्क टेबलावर ठेवला.

तुम्ही लग्नानंतर आमच्याकडे सहा-सात महिने राहिलात. त्या फोटोसमोरून जाताना तुझी पावलं जरा अडखळायची, ते मी पाहायचे. मला वाटायचं, नवीन घर आहे, रुळेल. मग दादाची बदली झाली, तुम्ही गेलात आणि तू परत आलीच नाहीस. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तू कधी उलटून बोलली नाहीस, आई कधी टोचून बोलली नाही. बाबा गेले तेव्हा आलीस ती दारातच उभी राहिलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परतलीस. दादा तेवढा वर्षातून एकदा येतो, औषधांच्या बाटल्या वाचतो आणि घड्याळाकडे बघत बसतो.

आता तुला एक सांगते, जे मी दादालाही सांगितलेलं नाही. मला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी आई पहिल्या रांगेत बसली होती. नाव पुकारलं, मी मंचावर गेले आणि सगळ्यात आधी तिच्याकडे पाहिलं. चुकलेल्या बसच्या मागे माणूस बघत राहतो तशी ती माझ्याकडे बघत होती. शेजारच्या अनोळखी बाई टाळ्या पिटत होत्या आणि माझ्या आईचा चेहरा कोरा. घरी येऊन तिने “छान झालं” म्हटलं. ते मला उसनं वाटलं. त्या दिवसापासून मी तिला माझ्या कामातलं काही सांगणं बंद केलं. कोणता लेख छापून आला, कुठे भाषण झालं, कशाला सांगायचं, तिला कुठे त्याचं काही आहे? तू घर सोडून गेलीस. मी त्याच घरात राहून, तिच्याच हातचं जेवून, तेच केलं.

म्हणून हे खरं ठरावं असं मला फार वाटतं. आणि म्हणूनच माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस. शंकेखोर म्हणतो, ज्याला उत्तर आधीच हवंसं असतं त्याने मोजायला बसू नये. तो फोटो आता मी त्याच्या हवाली केला आहे. काही निष्पन्न झालं नाही तर आईचे फोटो या कामातून काढून घेऊ, आणि तुझं खरं होतं असं मी तुला माझ्या हाताने लिहीन. परवानगीचं तूर्त राहू दे.

आईला आता साधं पाणीही घट्ट करून द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की भेटायचं कुणाचं राहिलं असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. हे मी तुझ्यावर दबाव आणायला लिहीत नाही. खरं म्हणजे आणते आहे, पण तू तो मानू नकोस.

तुझी,
मास्तरीण


२९ मार्च

प्रिय वहिनी,

आज हवापाणी नंतर. आधी उत्तर.

तू आणि मी, दोघी एकाच शिक्क्याला फसलो.

फोटोच्या पाठीवर स्टुडिओच्या शिक्क्यात जो महिना आणि साल असतं, ती कागदाची तारीख. फोटो कागदावर केव्हा उतरवला ते ती सांगते. कॅमेऱ्याची कळ केव्हा दाबली हे तिला ठाऊक नसतं. हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी पहिल्या तासाला सांगते, आणि परीक्षेत कुणी चुकलं तर लाल पेनाने गुण कापते. परक्यांच्या आजोबांचा फोटो आला की मी तीन ठिकाणी पडताळून मग तारीख लिहिते. आईचा फोटो हातात आला तेव्हा मी तो उलटला, शिक्का वाचला आणि तोच खाली उतरवला. घरचाच फोटो, त्यात काय पडताळायचं? तुझी गोष्ट वेगळी. तुला तो शिक्का काय आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. मला पगार त्याचाच मिळतो.

शंकेखोराने फोटो हातात घेतल्या घेतल्या विचारलं, “निगेटिव्ह कुठे आहे?” मला म्हणता आलं नाही, की मी शोधलीच नाही. घरी येऊन बाबांचं कपाट उपसलं. निगेटिव्हच्या पट्ट्या त्यांनी पातळ कागदात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या, वर ना नाव ना गाव. खिडकीच्या उजेडात एकेक धरून बघत बसले. आई पलंगावरून माझ्याकडे बघत होती. उलट्या रंगातली आपली सगळी माणसं, केस पांढरे आणि दात काळे. दादा त्यात अगदी म्हातारा वाटत होता.

ती पट्टी सापडली. पट्टीवरच्या चौकटी काढल्या त्याच क्रमाने असतात, त्यांच्या कडेला आकडेही ओळीने असतात, मागेपुढे करायला वाव नाही. आई हसते आहे ती चौकट, आणि तिच्या लगेच पुढच्या चौकटीत त्याच पायरीवर दादा. डाव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, काखेत कुबडी, हातात कप आणि जीभ बाहेर काढलेली.

दादाचा पाय मोडला तेव्हा तो कॉलेजात होता. तू त्याच्या आयुष्यात यायला अजून पुष्कळ अवकाश होता. मी त्याला लगेच फोन लावला. त्याला सगळं आठवलं. कुबडी सांभाळत तो आईसाठी चहा घेऊन येत होता, फुशारकी मारत होता, की बघ, एक थेंब सांडत नाही. आणि पायरीशी येईपर्यंत अख्खा कप त्याच्याच प्लास्टरवर. त्याला आई हसली. बाबांच्या हातात कॅमेरा होता.

दादा म्हणाला, “अगं, तिला माझ्यावर हसायला काही निमित्त लागायचं नाही तेव्हा.” पुन्हा म्हणाला, “तेव्हा.” मग त्याने फोन ठेवला.

शंकेखोर एवढ्यावर कसा ऐकेल. तो म्हणाला, भावाची आठवण हा पुरावा नाही, भाऊ तुमचा आहे. पाय मोडल्याची तारीख दाखवा. आईने दादाच्या पायाचा एक्स-रे गादीखाली जपून ठेवला होता, का ते तिलाच माहीत. एक्स-रे म्हणजे शेवटी हाडाचा फोटोच. पण तिथे तारीख त्याच वेळी हाडाबरोबर उमटलेली असते, नंतर कुणी मारलेला शिक्का नाही. तो दिव्यावर धरला. तारीख तुमच्या लग्नाच्या सहा वर्षं आधीची निघाली. मग निगेटिव्हवरचा एक बारीक ओरखडा आईच्या खांद्यापाशी आहे, तो भिंतीवरच्या फोटोत त्याच जागी सापडला. म्हणजे फोटो त्याच निगेटिव्हचा. हसरी आई सहा वर्षं मागे, आपल्या जागी जाऊन बसली, आणि पुढचे चेहरे एकापाठोपाठ एक मंदावत गेलेले, मध्ये खंड नाही. शंकेखोर म्हणाला, “आता माझी हरकत नाही.” त्याच्याकडून यापेक्षा प्रेमाचे शब्द आजवर कुणाला मिळालेले नाहीत.

राहिला एक प्रश्न, आणि तुझ्या मनातही आत्ता तोच असणार. इतका जुना फोटो बाबांनी नेमका तुमच्या लग्नानंतर मोठा करून का लावला? तुला वाटलं होतं, तुला दाखवायला. बघ, ही बाई हसते, पण तुझ्यासाठी नाही.

मी आईला विचारलं. दुपारी तिचं जेवण आटोपलं की थोडा वेळ तिला बरं बोलता येतं. मी तिच्या उशीला टेकून कान जवळ नेला. ती दोन शब्द बोलते, थांबते, पुन्हा दोन बोलते. म्हणाली, लग्नाचे फोटो आले तेव्हा बाबा ते खूप वेळ बघत बसले. अल्बम आपल्या कपाटात ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी एक निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेले. हा फोटो भिंतीवर लावल्यावर ते तिला म्हणाले, “ही कुठे गेली गं?” ती म्हणाली, “अहो, इथेच आहे.”

वहिनी, बाबांच्या लक्षात आलं होतं. त्यांना रोगाचं नाव माहीत नव्हतं, आम्हाला कुणालाच नव्हतं. पण ज्या हसण्याबरोबर ते इतकी वर्षं राहिले ते घरात दिसेनासं झालंय, एवढं त्यांना कळलं होतं. त्यांना ते परत हवं होतं, म्हणून त्यांनी ते भिंतीवर लावलं. तू त्या फोटोपुढे अडखळायचीस, तसे तेही अडखळायचे. हे समजल्यावर मी तिथेच, आईच्या उशीवर डोकं ठेवून रडले. आईने हात उचलायचा प्रयत्न केला, तो माझ्या केसांपर्यंत यायला बराच वेळ लागला, पण आला.

मग मी तिला माझं सगळं काम सांगितलं. टेबल, बुधवार, बर्फाचा डोंगर, शंकेखोर, चहा. इतक्या वर्षांचं साठलेलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि मी पहिल्यांदाच तिथे बघून बोलत नव्हते. मी थांबले की ती म्हणायची, “मग?” असं तिने किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक ताकीद दिली आहे आणि ती तुझ्यापासून लपवायची नाही. त्यांचं म्हणणं, आमच्या सगळ्या कामातून एवढंच सिद्ध होतं, की त्या चेहऱ्यावरून राग किंवा नाराजी वाचू नये. आनंदही वाचता येत नाही. तो चेहरा आतलं काहीच सांगत नव्हता. म्हणजे तुमच्या लग्नाच्या दिवशी आईच्या मनात काय होतं, हे कुठल्याही विभागाचा कुणीही प्राध्यापक फोटो बघून तुला सांगू शकणार नाही. मीही नाही. पुस्तकात तो फोटो छापायचा की नाही हे तू ठरव, आणि नको म्हणालीस तर मी एका शब्दाने पुन्हा विचारणार नाही.

मला फोटोतून सांगता येत नाही, म्हणून मी तिलाच विचारलं. काल दुपारी बाबांच्या कपाटातला तो अल्बम काढला (कामासाठी प्रती करून मी तो परत तिथेच ठेवला होता) आणि तिच्या मांडीवर उघडून धरला. बाबांनी ठेवून दिल्यावर तिने तो कधी मागितला नव्हता. म्हणाली, कशाला मागू, मला सगळं आठवत होतं की. मी पानं उलटत गेले. मंचावरचा, जेवणाच्या टेबलाशी, दारात गाडीपाशी तुम्हा दोघांबरोबर. मी तिला म्हटलं, आई, वहिनीला वाटलं तू तिच्यावर नाराज होतीस. या फोटोंमुळे वाटलं. इतकी वर्षं ती त्यामुळे आली नाही.

तिने गाडीपाशी काढलेल्या फोटोवर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून तुझ्या चेहऱ्यावर, पुन्हा तिच्या चेहऱ्यावर जात होतं. तिने तो चेहरा इतका वेळ बघितला, की मला वाटलं तिला झोप लागली. मग तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

म्हणाली, “अगं, पण मी तर हसत होते.”

ती पुन्हा म्हणाली, “सबंध दिवस हसत होते गं मी. तिला लिही.”

लिहिलं.

तुझी वाट बघत असलेल्या,
आम्ही दोघी